आई खूश, अठ्ठ्याण्णव टक्के

आमच्या विद्यापीठात दरवर्षी कॉम्प्युटरच्या पोरांची स्टार्टअप स्पर्धा भरते. म्हणजे काय, तर ज्यांना स्वतःच्या चादरीची घडी घालता येत नाही ती पोरं स्टेजवर उभी राहून जग बदलायच्या गोष्टी करतात, आणि समोर तीन परीक्षक पाण्याच्या बाटल्या घेऊन माना डोलावतात. जिंकणाऱ्या टीमला विद्यापीठातच वर्षभरासाठी ऑफिस मिळतं, वर महिन्याला पगार. मला ते ऑफिस हवं होतं. नाही मिळालं तर परीक्षा झाली की घरी जायचं आणि आईच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर बसून लोकांचे फॉर्म भरायचे, असं आईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि आईनं ठरवलं की देवाचा बापही ते बदलू शकत नाही.

आई गाडी चालवायला शिकवते. एक जुनी गाडी, दोन्ही बाजूंना ब्रेक, आणि आईचा आवाज, एवढंच तिचं भांडवल. शेजारच्या सीटवर बसून "क्लच! अहो क्लच! तो क्लच आहे, पाय ठेवायचं पायपुसणं नाही!" असं ती दिवसभर ओरडते. एक शिकाऊ उतरला आणि दुसरा चढायचा असला की मधल्या वेळात मला मेसेज. उठलीस का. जेवलीस का. उत्तर का देत नाहीस. चिडलीस का. चिडायला काय झालं. बाबा गेल्यापासून घरात ती एकटीच, त्यामुळे या मेसेजना सुट्टी नाही. मी उत्तर दिलं की त्यात खोट निघायची, नाही दिलं की भांडण. माझी जीभही तिच्यावरच गेलीय, तेव्हा मीही काही कमी करायचे नाही.

त्यातूनच आमच्या अ‍ॅपची कल्पना निघाली. नाव ‘हजर’. घरच्यांच्या मेसेजना तुमच्या वतीनं मशीन उत्तर देणार, तेही अगदी तुमच्या भाषेत. "तुम्ही नसलात तरी तुम्ही हजर!" ही ओळ पोपटची. पोपट आमचा बोलका गडी. त्याला कोडिंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण माइक हातात दिला की तो वाळवंटात छत्र्या विकेल. तिसरा मौनी. तो आठवड्याला साधारण एक वाक्य बोलतो, बाकी सगळं कीबोर्डवर. मी आणि मौनीनं मिळून मशीन बनवलं.

आता मशीनला शिकवायचं म्हणजे त्याला एक आकडा द्यावा लागतो. हा आकडा वाढव, बाकी तू आणि तुझं नशीब. मौनीनं आकडा ठरवला, ‘आई खूश’. आईच्या उत्तरात बदाम, हसरा चेहरा, "गुणाची गं माझी" असं काही आलं की आकडा चढणार. नुसतं "बरं" आलं की उतरणार. आणि "असू दे" आलं की धाडकन खाली, कारण कुठल्याही आईचं "असू दे" म्हणजे काय असतं ते मी मौनीला नीट समजावून सांगितलं होतं.

चाचणीला खरी आई पाहिजे होती. पोपटच्या आईला मेसेजपेक्षा फोनवर तासभर बोलायला आवडतं. मौनी आणि त्याची आई एकमेकांना फक्त अंगठा पाठवतात. राहिली कोण, तर माझी. दोन दिवस चालवून बघू म्हणून माझ्या नंबरवर मशीन चालू केलं. दोन दिवसांत आकडा नव्वदच्या वर गेला. आमच्या धंद्यात एक अलिखित नियम आहे, चालतंय ना, मग हात लावायचा नाही. आम्ही हात लावला नाही. महिना उलटला.

कोणी म्हणेल, अगं बये, महिनाभर तुझी आई काय लिहीत होती ते वाचलं तरी का? नाही वाचलं. आमच्याकडे स्क्रीनवर एक हिरवा दिवा असतो आणि त्याखाली आकडा. दिवा लाल झाला की आत डोकावायचं, हिरवा असताना आत बघत बसणाऱ्याला सगळे रिकामटेकडा म्हणतात. आमचा दिवा महिनाभर हिरवागार होता. आईचा टोमणा नाही, रुसवा नाही. सुरुवातीला एखादा फोन आलाच तर मी कापायचे, पुढचं मशीन निभावून न्यायचं, आणि मग फोनसुद्धा बंद झाले. मला काय सुटल्यासारखं वाटलं म्हणून सांगू! सकाळी उठून मी फोन बघायचे, तिथं आकडा अठ्ठ्याण्णव, आणि मी निवांत दात घासायला जायचे.

स्पर्धेच्या दिवशी हॉलमध्ये इतका गारठा करून ठेवला होता की पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी हाताच्या घड्या घातल्या होत्या. परीक्षक तीन. एक आमचे विभागप्रमुख, ज्यांचा स्वतःचा प्रोजेक्टर कधी चालू होत नाही. दुसरा विद्यापीठाचा माजी विद्यार्थी. त्याची कंपनी बुडाली होती, म्हणून तो आता मार्गदर्शक होता. तिसऱ्या होत्या गुंतवणूकदार बाई. चष्मा डोक्यावर, पेन टोपण न काढता हातात. पैसे देणाऱ्या त्याच, त्यामुळे बाकी दोघे त्यांच्याकडे बघूनच हसायचे. आमच्या आधीची टीम भांडी घासायची पाळी कोणाची हे सांगणारं अ‍ॅप दाखवत होती. बाईंनी विचारलं, "आणि ज्याची पाळी आहे तो उठलाच नाही तर?" टीमनं घाईघाईनं पुढचं चित्र लावलं.

आम्ही पडद्यामागे उभे होतो. मी फटीतून हॉल बघत होते, गर्दी किती, हसतायत किती. आणि तिसऱ्या रांगेत आई!

आधी वाटलं, दुसरीच कोणी असेल. पण शेजारच्या माणसाला "पाय आत घ्या" म्हणून खुणावणारा तो हात मी कुठंही ओळखला असता. डावा हात होता. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. आईचा हात मोडलाय आणि मला पत्ता नाही.

"मौनी," मी म्हटलं, "माझी आई आलीय. ती इथं काय करतेय?"

मौनीनं लॅपटॉप उघडला, खालवर केलं आणि त्या आठवड्याचंच काय, त्या महिन्याचं वाक्य बोलून टाकलं. "तिनं विचारलं, स्पर्धा बघायला येऊ का, चार दिवस राहीनही. मशीन ये म्हणालं."

"कशाला पण?"

"ये म्हटलं की आकडा वाढतो."

"आणि नाही कधी म्हणतं ते?"

मौनीनं जरा विचार केला. "कधीच नाही. नाही म्हटलं की उतरतो."

"अरे, आणि हात? हात कधी मोडला?" मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला गेले, तेवढ्यात बाहेरून आमच्या टीमचं नाव पुकारलं. मी पोपटचं मनगट धरलं. "हे बघ, लाइव्ह दाखवायचं नाही. जुनी चित्रं दाखव, आकडे दाखव, गाणं म्हण, काहीही कर. माझी आई समोर बसलीय."

"बसू दे की," पोपट म्हणाला. "त्यांना एवढ्या लांबून स्क्रीनवरचं काय दिसणार?"

"माझी आई आरशात बघून मागच्या गाडीची नंबरप्लेट वाचते, गाढवा!"

तो हो म्हणाला. मी विश्वास ठेवला. गरज पडली की माणूस पोपटवरही विश्वास ठेवतो.

स्टेजवर गेलो. आईनं मला बघितलं आणि डावा हात इतका उंच केला की मागच्याला स्टेज दिसेना. काय तिचा चेहरा फुलला होता! मला बघून ती अशी हसल्याला किती वर्षं झाली असतील कोण जाणे. माझी बोलायची पाळी पोपटनंतर होती. मी माझा माइक दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिले. ऑफिस गेलं खड्ड्यात, आमच्या वाट्याची ही सात मिनिटं आईला काही कळायला नको, एवढंच डोक्यात. मग खाली उतरून तिला काहीतरी सांगेन. काय सांगेन ते सुचत नव्हतं, पण सांगेन.

पोपटनं सुरुवात झकास केली. आपण सगळे किती धावतोय, आईवडील कसे वाट बघत बसतात, त्याचा गळाही योग्य ठिकाणी दाटला. मग आकडा आला. "आमच्या पहिल्या ग्राहकाच्या आई, अठ्ठ्याण्णव टक्के खूश!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईनं प्लॅस्टरवर डावा हात आपटून टाळी वाजवली. पहिला ग्राहक कोण हे तिला कुठं माहीत होतं?

"आकडे सगळेच आणतात," गुंतवणूकदार बाई म्हणाल्या. "चालू असलेलं दाखवा. नाहीतर मला या गोष्टीत रस नाही."

पोपटनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. इतकी हलवली की मानेचा काटा मोडला असता. पोपटनं बाईंकडे बघितलं, आणि मौनीला खूण केली. मेल्या, तुझ्या सात पिढ्यांना रेंज मिळणार नाही! मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर माझं आणि आईचं संभाषण उघडलं. नाव नव्हतं, नुसतं ‘आई’ लिहिलेलं. आई तिकडे बघतच नव्हती. ती खाली मान घालून डाव्या अंगठ्यानं काहीतरी टाइप करत होती.

पडद्यावर उमटलं, "घाबरलीस का? मी तिसऱ्या रांगेत आहे. छान दिसतेस."

लगेच खाली उत्तर. "नाही गं आई, मी लायब्ररीत अभ्यास करतेय. तू जेवलीस का?"

हॉल हसून फुटला. मागची पोरं बाकावर थापा मारायला लागली. आईनं हातातला फोन वाचला. मान वर करून माझ्याकडे बघितलं. माझे दोन्ही हात माइकवर. मग तिनं पडदा बघितला, आणि स्वतःचे शब्द तिथं भिंतीएवढे लिहिलेले वाचले. मी बघत होते, तिचे ओठ हलत होते.

तिनं पुन्हा टाइप केलं. "लायब्ररीत?"

"हो आई. तुझी खूप आठवण येते."

लोक हसून हसून वाकले. आईनं फोन मांडीवर ठेवला. काहीच लिहिलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा उतरायला लागला, तसं मशीन आपलं आपण बोललं. "आई, चिडलीस का?"

आई उभी राहिली.

"वा!" माजी विद्यार्थ्यानं जोरात टाळी वाजवली. "खरी आई प्रेक्षकांत बसवलीत? काय सादरीकरण आहे!"

"मला कोणी बसवलेलं नाही," आई म्हणाली. तिला माइक लागत नाही. तिचा आवाज बंद काचेतून चौकापर्यंत जातो. "मला माझ्या पोरीनं बोलावलं, असं मला वाटलं." मग माझ्याकडे वळून, "कधीपासून?"

"महिना झाला," मी म्हटलं. माइकमुळे ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

"म्हणजे हाताचं सांगितलं तेव्हाही..."

"मला माहीत नव्हतं आई. आत्ता पडद्यामागून बघितलं."

तिनं प्लॅस्टरकडे बघितलं, जणू ते तिला कोणीतरी आत्ताच दाखवलं होतं. "एका शहाण्यानं ब्रेक समजून भलतंच दाबलं आणि गाडी भिंतीवर घातली. तुला त्याच दिवशी लिहिलं होतं. तर रोज विचारायचं, फार दुखतंय का, औषध घेतलंस का. मी म्हटलं, पोरगी सुधारली बाई. शेजारणीला वाचून दाखवायचे मी. माझी लेक बघा म्हणून."

हे ऐकल्यावर मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडण्याला माझ्याकडे उत्तरं तयार असतात. ती शेजारच्या दारात उभी राहून, डाव्या हातात फोन धरून, मशीनचे मेसेज वाचून दाखवतेय हे माझ्या डोळ्यांसमोर आलं.

विभागप्रमुख खाकरले. "बाई, आपण बसून घ्या. आता प्रश्नोत्तरं आहेत."

"माझाही प्रश्नच आहे," आई म्हणाली. "मी चार दिवस राहायला येऊ का विचारलं, तेव्हा ये म्हणाली ती कोण?"

"मशीन," मी म्हटलं.

"बरं." तिनं मान हलवली. "मग आता तू सांग. राहू, की संध्याकाळची गाडी आहे ती धरू?"

हॉलमध्ये आता कोणी हसत नव्हतं.

"राहा ना आई," मी म्हटलं.

"तेही हेच म्हणालं होतं. असंच, ‘ना’ लावून."

"मला खरंच तुझी आठवण येते गं."

आईनं नुसतं बोट पडद्याकडे केलं. तिथं तेच लिहिलेलं होतं, माझ्यापेक्षा मोठ्या अक्षरात. सॉरी म्हणावं, तर मशीन दिवसातून चारदा सॉरी म्हणत असणार, आकड्याला ते फार मानवतं. काळजी घे म्हणावं, तेही झालेलं. जे जे गोड बोलता येईल ते सगळं त्यानं आधीच बोलून ठेवलं होतं. आईनं पर्स उचलली आणि शेजारच्याला म्हणाली, "पाय आत घ्या, मला जायचंय."

आणि माझं डोकं फिरलं.

"जायचंय म्हणे! कुठं जायचंय?" मी ओरडले. माइक तोंडाशीच होता, स्पीकर किंचाळले. "एक हात गळ्यात, दुसऱ्यात पर्स, गाडीचा दांडा काय दातांनी धरणारेस? आणि आलीस कशी एकटी? मेसेज काय करत बसलीस, फोन करायचा! नाही उचलला तर पुन्हा करायचा, पुन्हा नाही उचलला तर इथं येऊन माझ्या झिंज्या धरायच्या! हात मोडला आणि फोन केला नाहीस?"

"केला होता," आईचा आवाज चढला. "तू कापलास! मागून मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे म्हणून!"

"मग मी कापला तर तूही गप्प बसलीस? तू? तू कधीपासून गप्प बसायला लागलीस? आणि तुला हजारदा सांगितलंय, तुझ्या बाजूचा ब्रेक लागत नाही, दुरुस्त करून घे! ऐकशील तर शपथ!"

"ब्रेक ठणठणीत आहे!"

"ठणठणीत आहे म्हणून भिंतीवर गेलीस?"

"तो गाढव शिकवणीच्या पहिल्याच दिवशी वळणावर..."

"पहिल्या दिवशी वळणावर नेलंसच का? काही एक जायचं नाही तुला! हात बरा होईपर्यंत इथून हलायचं नाही, कळलं? मी तुझी वेणी घालीन, तू शिव्या दे, मी ऐकून घेणार नाही, पण जायचं नाही!" एवढं बोलून माझा श्वास संपला आणि मला रडू फुटलं. तेही माइकमधून सगळ्यांना ऐकू गेलं.

आई तशीच उभी होती. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात मात्र गाडी शिकवतानाचाच तोरा. "मग तिथं वर काय नाचतेस? खाली ये. बॅग खुर्चीखाली अडकलीय, माझ्यानं एका हातानं निघत नाही."

"स्टेज सोडलं तर टीम बाद होईल," विभागप्रमुख म्हणाले. त्यांनी नियमांचा कागदही वर करून दाखवला.

पोपटनं माझ्या हातातून माइक घेतला. त्या ऑफिसवर त्याचाही जीव होता, पण मला अडवावं असं काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. "जा," तो हळूच म्हणाला, आणि परीक्षकांकडे वळून लगेच सुरू झाला, "तर बाई, आमच्या उत्पादनात एक छोटी सुधारणा बाकी आहे..." मौनीनं तेवढ्यात लॅपटॉपचं झाकण खाली पाडलं. पडदा निळा झाला.

मी पायऱ्या उतरून तिसऱ्या रांगेत शिरले. सगळ्यांनी पाय आत घेतले. गुडघ्यावर बसून खुर्चीखालून बॅग ओढली, तर ती हलेना. दोन्ही हात लावले, पाय टेकवून जोर काढला, तेव्हा कुठं बाहेर आली. खांद्याला लावली आणि खांदाच गेला.

"चार दिवसांसाठी एवढं काय भरलंयस?" मी नाक पुसत विचारलं.

आईनं माझ्याकडे बघितलंच नाही. दाराकडे चालायला लागली.

"महिनाभराचे कपडे आहेत," ती म्हणाली. "चार दिवसांसाठी कोण येतंय?"